हिरव्या पेल्यापलीकडचा व्हर्लेन

प्रतीकवादी कवितेवर बोलताना सरांनी पॉल व्हर्लेन या फ्रेंच कवीचे नाव घेतले आणि त्याच्या हिरव्या मद्याचाही उल्लेख केला. वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. दारू घराचे काय करते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कवीही असेच वागतात, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून ग्रंथालयात जाऊन त्याचे चरित्र वाचले.

व्हर्लेनचा जन्म १८४४ साली मेट्झ येथे झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. पॅरिसच्या नगरपालिकेत कारकुनी करीत असताना, १८६६ मध्ये त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला. ॲब्सिंथ या मद्याची सवयही तरुणपणीच जडली. आपल्या दवण्याच्या कुळातील एका कडू वनस्पतीपासून ते बनते. त्यात साखरेवरून गार पाणी सोडले, की हिरवा रंग दुधाळ होतो. या रंगाची अनेक कलावंतांना भूल पडली. देगाच्या चित्रातील स्त्री मात्र त्या पेल्यासमोर शून्यात पाहत बसली आहे.

१८७० मध्ये व्हर्लेनने माथिल्दशी लग्न केले. दारूच्या नशेत तो तिला मारहाण करी. १८७२ साली तिला आणि तान्ह्या मुलाला टाकून तो तरुण कवी रँबोबरोबर निघून गेला. पुढच्याच वर्षी ब्रसेल्समध्ये त्याने रँबोवर गोळी झाडली. ती मनगटाला लागली आणि व्हर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात ॲब्सिंथ नव्हते. तेथेच त्याने आपल्या उत्तम कवितांपैकी काही लिहिल्या.

सुटल्यावर काही काळाने पुन्हा पेला हाती आला. ज्या आईने आपली पुंजी त्याच्यासाठी खर्च केली, तिच्याच अंगावर धावून गेल्याबद्दल १८८५ मध्ये त्याला महिनाभर कैद झाली. १८९४ मध्ये फ्रेंच कवींनी त्याला कवींचा राजपुत्र म्हणून निवडले. १८९६ मध्ये तो दारिद्र्यात वारला.

१९१५ मध्ये फ्रान्सने ॲब्सिंथवर बंदी घातली. पुढे संशोधनातून दिसले, की खरा दोष त्या वनस्पतीपेक्षा मद्यार्काचाच होता. म्हणजे त्या हिरव्या रंगात जादू नव्हती, आणि शापही नव्हता. ती साधी दारूच होती.

व्हर्लेनची कविता मला आवडते. पण तिचे श्रेय मी पेल्याला देणार नाही. लग्नाच्या वेळी माथिल्द सतरा वर्षांची होती, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. हे मला विसरता येत नाही.