हॉवर्थच्या पाळकाची मुलगी : शार्लट ब्राँटी

इंग्लंड देशाच्या उत्तर भागी यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. तेथे ओसाड माळरानाच्या कडेस, एका उभ्या चढणीवर हॉवर्थ हे गाव वसले आहे. गेल्या शतकापूर्वीच्या शतकात तेथील पुष्कळ लोक लोकरीच्या कामावर पोट भरीत. गावाच्या माथ्यावर देऊळ, देवळापाशी पाळकाचे दगडी घर, आणि त्या घराच्या खिडक्यांखालीच कबरस्तान. ह्या घरात वाढलेल्या एका अशक्त, ठेंगण्या व रूपाने साधारण मुलीने अशी एक कादंबरी लिहिली की, ती आज पावणेदोनशे वर्षांनंतरही जगभर वाचली जाते. तिचे नाव शार्लट ब्राँटी. मनुष्याची किंमत त्याच्या पैशावर किंवा कुळावर ठरत नाही, हे तिने लिहिले. पुढे तीच गोष्ट तिला स्वतःच्या घरात, स्वतःच्या वडिलांसमोर आचरून दाखवावी लागली. म्हणून तिचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

शार्लटचे वडील रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटी हे आयर्लंडातील एका गरीब शेतकऱ्याचे पुत्र होते. दोन खोल्यांच्या लहानशा घरात 1777 साली त्यांचा जन्म झाला; दहा भावंडांत ते वडील. लोहाराच्या व विणकराच्या हाताखाली काही दिवस काढून, पुढे शाळामास्तर होऊन, 1802 साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात आले. कमी फी भरून शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांत त्यांची गणना होती. त्यांच्या खर्चास साहाय्य मिळवून देण्याच्या कामी त्याच कॉलेजातील हेन्री मार्टिन ह्यांनी खटपट केली. हेच मार्टिन पुढे हिंदुस्थानात आले व त्यांनी नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले. केंब्रिजास आल्यावर पॅट्रिक ह्यांनी आपल्या आडनावाचे रूपही बदलले. झोपडीतून देवळाच्या व्यासपीठापर्यंत चढून आलेल्या मनुष्यास आपली पायरी किती प्रिय होते, हे पुढे दिसून येईल.

शार्लटचा जन्म 21 एप्रिल 1816 रोजी थॉर्नटन येथे झाला. मराया, एलिझाबेथ, शार्लट, ब्रॅनवेल, एमिली व ॲन अशी ही सहा भावंडे. 1820 साली कुटुंब हॉवर्थास आले आणि पुढल्याच वर्षी मुलांची आई वारली. मावशी येऊन राहिली व तिने घर सांभाळले. पाळकाचे उत्पन्न बेताचे, मुली पाच. तेव्हा 1824 साली चार मुलींस पाळकांच्या मुलींसाठी नुकत्याच निघालेल्या एका स्वस्त शाळेत ठेवण्यात आले. तेथे थंडी फार आणि अन्न निकृष्ट. पुढल्या वर्षी मराया व एलिझाबेथ ह्या दोघी क्षयाने आजारी होऊन घरी आल्या व मे आणि जून महिन्यांत एकीमागून एक मरण पावल्या. मराया अकरा वर्षांची होती, एलिझाबेथ दहा. नऊ वर्षांची शार्लट आता घरातील वडील मुलगी झाली. ही शाळा ती जन्मात विसरली नाही.

उरलेली चार भावंडे माळरानावर हिंडत, वडिलांची पुस्तके वाचीत. 1826 साली वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. त्या शिपायांस नावे देऊन मुलांनी त्यांची राज्ये कल्पिली व तळहाताएवढ्या वह्यांत मुंगीसारख्या बारीक अक्षरांनी त्यांचे इतिहास लिहून काढले. त्या वह्यांपैकी कित्येक अद्याप जतन करून ठेविलेल्या आहेत.

परंतु पोटाचा प्रश्न खेळाने सुटत नाही. त्या काळी पाळकाच्या मुलीस मजुरी करणे शोभत नसे आणि बसून खाण्याइतका पैसा घरी नसे. तिच्यापुढे मार्ग दोनच : शाळेत शिकविणे, किंवा श्रीमंताच्या घरी राहून त्याची मुले शिकविणे. अशा बाईस तिकडे गव्हर्नेस म्हणत. ती शिकलेली म्हणून चाकरमाणसांत तिला जागा नाही, आणि पगार घेते म्हणून मालकांच्या पंक्तीस जागा नाही. शार्लटने दोन्ही कामे केली. 1841 साली एका कुटुंबात तिला वर्षाचे 20 पौंड कबूल झाले होते. त्यातून धुलाईचे 4 पौंड कापून 16 पौंड हाती येत. मुलांस शिकवून झाल्यावर रात्री उशिरापर्यंत शिवणकाम करावे लागे ते वेगळेच. ह्यापूर्वी 1839 साली एका तरुण पाळकाने तिला मागणी घातली होती. लग्न केले असते तर चाकरी टळली असती. परंतु त्याजवर आपली प्रीती नाही असे जाणून तिने नम्रपणे नकार दिला.

1842 साली ती एमिलीसह ब्रुसेल्स शहरी फ्रेंच शिकण्यास गेली. तेथून परतल्यावर बहिणींनी पाळकाच्या घरातच शाळा काढण्याचे ठरवून जाहिरातपत्रके छापिली, पण एकही विद्यार्थिनी आली नाही. 1846 साली तिघींनी स्वखर्चाने कवितांचे पुस्तक काढले. बायकांच्या लेखनास वाचक निराळा माप लावतात म्हणून त्यांनी करर, एलिस व ॲक्टन बेल अशी नावे घेतली. वर्षभरात त्या पुस्तकाच्या प्रती खपल्या दोन.

त्याच वर्षी ऑगस्टात वडिलांच्या मोतिबिंदूवर शस्त्रक्रिया करविण्यासाठी शार्लट त्यांस मँचेस्टरास घेऊन गेली. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हातारे पाळक अंधाऱ्या खोलीत डोळ्यांस पट्टी बांधून पडून राहिले. शार्लटची पहिली कादंबरी प्रकाशकांनी एकामागून एक परत धाडिली होती. त्या परक्या शहरात, आजाऱ्याची सेवा करीत असता, तिने दुसरी कादंबरी लिहिण्यास आरंभ केला. तीच 'जेन एअर'. लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीने ती ऑक्टोबर 1847 मध्ये प्रसिद्ध केली व थोड्याच आठवड्यांत ती जिकडे तिकडे गाजली.

जेन ही अनाथ मुलगी. मामीच्या घरी तिचा छळ होतो; पुढे ती ज्या शाळेत जाते ती शार्लटने पाहिलेल्या शाळेसारखीच आहे. मोठी झाल्यावर ती रॉचेस्टर नावाच्या श्रीमंत गृहस्थाच्या वाड्यात गव्हर्नेस होते. ती गरीब, रूप नाही, पाठीशी कोणी नाही. तथापि आपला आत्मा मालकाच्या आत्म्याच्या बरोबरीचा आहे हे ती त्याच्या तोंडावर सांगते. दोघांचे प्रेम जडते. परंतु लग्नाच्या वेळी देवळातच उघड होते की, त्याची पहिली बायको जिवंत असून वेडी झाल्यामुळे वाड्यात कोंडलेली आहे. तेव्हा जेन प्रेम असूनही रात्री वाडा सोडते व उपाशी रानोमाळ भटकते. पुढे सेंट जॉन रिव्हर्स नावाचा पाळक तिला आश्रय देतो. तो मिशनरी होऊन हिंदुस्थानात येऊ इच्छितो. तिला हिंदुस्थानी भाषा शिकवितो व बायको होऊन चल म्हणतो. पण त्यास कामाकरिता सोबतीण पाहिजे, प्रीती नाही. बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही, असे जेन उत्तर देते. अखेरीस वाडा जळून, पहिली बायको मरून, आंधळा व दीन झालेल्या रॉचेस्टरकडे ती आपण होऊन परत जाते.

काही टीकाकारांनी ह्या पुस्तकास धर्मविरोधी म्हटले. गरिबाने आपल्या स्थितीविषयी कुरकुर करू नये, असा त्यांचा भाव होता. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत शार्लटने लिहिले होते की, लोकरूढी म्हणजे नीती नव्हे आणि स्वतःस नीतिमान समजणे म्हणजे धर्म नव्हे.

कीर्ती आली आणि तिच्या पाठोपाठ मृत्यू आला. सप्टेंबर 1848 मध्ये दारूच्या व्यसनाने खंगलेला ब्रॅनवेल वारला. डिसेंबरात एमिली, आणि 28 मे 1849 रोजी ॲन. आठ महिन्यांत तीन भावंडे गेली. 'शर्ली' ही गिरणीमालक व मजूर ह्यांच्या झगड्यावरील कादंबरी अर्धी लिहून पडली होती. ती शार्लटने ह्या दुःखातच पुरी केली. जेथे तिघी बहिणी रात्री टेबलाभोवती फेऱ्या घालीत आपले लेखन एकमेकींस वाचून दाखवीत, तेथे आता ती एकटीच फेऱ्या घाली.

आता तिच्या खऱ्या कसोटीचा प्रसंग आला. 1845 सालापासून आर्थर बेल निकल्स नावाचे आयरिश गृहस्थ हॉवर्थास मदतनीस पाळक होते. वर्षाचा पगार सुमारे 100 पौंड. शार्लटला एकेका कादंबरीचे 500 पौंड मिळत. 13 डिसेंबर 1852 रोजी संध्याकाळी निकल्स तिच्या दाराशी आले व थरथरत त्यांनी आपले मन उघड केले. तिने उद्या उत्तर देईन म्हणून वडिलांस कळविले. म्हाताऱ्याच्या कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या. माझी नामांकित मुलगी आणि हा शंभर पौंडांचा मदतनीस! मुलीची प्रकृती नाजूक हीही भीती त्यांच्या मनात होती. पण रागाचे मोठे कारण दर्जा. आयर्लंडातील झोपडीतून वर आलेले पाळक दुसऱ्या गरीब आयरिश पाळकास दार लावून बसले. शार्लटने त्या वेळी नकार कळविला, परंतु निकल्स ह्यांचा अपमान तिला सहन होईना.

मे 1853 मध्ये निकल्स हॉवर्थ सोडून जाणार होते. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रभुभोजन देत असता शार्लटला समोर पाहून त्यांचा कंठ दाटला, शब्द फुटेना, मंडळीतील बाया रडू लागल्या. निघण्याच्या वेळी ते फाटकाशी हुंदके देत उभे असलेले तिला दिसले. पुढे पत्रे सुरू झाली. शार्लटने ती प्रथम वडिलांपासून लपवून ठेविली, पण पुढे आपण होऊनच त्यांस सांगून टाकिले. ती पळून गेली नाही, भांडून घर सोडले नाही. आणि मनातून माघारही घेतली नाही. ह्या मनुष्यापाशी पैसा नाही, पण निष्ठा आहे, हे ती धीराने सांगत राहिली. आम्ही दोघे तुम्हांस सोडणार नाही, ह्याच घरी राहून तुमची सेवा करू, असे वचन दिल्यावर वडिलांचे मन वळले.

29 जून 1854 रोजी सकाळी लग्न झाले. आदल्या रात्री वडिलांनी एकाएकी आपण देवळात येणार नाही म्हणून सांगितले. तेव्हा उपासनेचे पुस्तक काढून पाहिले, तो कन्यादान बापानेच करावे असा निर्बंध त्यात नव्हता. मग तिच्या जुन्या शिक्षिका मिस वूलर ह्यांनी तिचा हात वराच्या हाती दिला.

तिचे वैवाहिक सुख थोड्या महिन्यांचेच ठरले. ती गरोदर असता आजारी पडली, अन्न पोटात ठरेना, आणि 31 मार्च 1855 रोजी तिने देह ठेविला. एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यास तीन आठवडे अवकाश होता. सहाही मुले पुरलेले पाळक आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

निकल्स ह्यांचे वचन शार्लटबरोबर संपले असते तर कोणी दोष दिला नसता. तथापि ते त्याच घरी राहिले. ज्या मनुष्याने त्यांस आपल्या मुलीस अयोग्य ठरविले होते, त्याची उपासनेची कामे त्यांनी सहा वर्षे पाहिली व 7 जून 1861 रोजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाने डोळे मिटेपर्यंत त्याची सोबत सोडली नाही. नंतर हॉवर्थची पाळकाची जागा त्यांस मिळाली नाही. ते आयर्लंडास परत जाऊन शेती करू लागले व 1906 साली वारले.

आपल्या मुलीस मागणी आली असता वराची जमीन, पगार व कूळ विचारणारे आईबाप अद्याप पुष्कळ आहेत, आणि विचारू नये असेही कोणी म्हणणार नाही. पण शंभर पौंडांचा तो मदतनीस कोणत्या मोलाचा होता, हे शार्लटने पगारावरून पाहिले नाही; आणि वृद्ध ब्राँटींस ते पुढली सहा वर्षे रोज आपल्या घरात पाहावयास मिळाले.