देवघरातील चित्र आणि राजा रविवर्मा

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, देवघरात किंवा बैठकीच्या भिंतीवर, कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीची तसबीर असते. चार हात, दोन हातांत कमळे, अंगावर जरीकाठी साडी, मागे जलाशय आणि शेजारी हत्ती. तिच्या जोडीला शिळेवर बसून वीणा वाजविणारी सरस्वती असते. दर शुक्रवारी आपण लक्ष्मीच्या तसबिरीला हळदकुंकू वाहतो, दसऱ्याला सरस्वतीपुढे वह्यापुस्तके ठेवतो. ही रूपे इतकी ओळखीची आहेत की देवी अनादिकाळापासून अशीच दिसत आली असावी, असे आपण मनोमन धरून चालतो.

वस्तुतः देवींचा हा चेहरा जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. तो घडविला केरळातील एका चित्रकाराने, त्याला प्रेरणा मिळाली तंजावरच्या एका मराठी दिवाणाकडून, त्याला मोठा आश्रय दिला बडोद्याच्या महाराजांनी आणि तो घरोघरी पोहोचला मुंबई व लोणावळ्याजवळच्या एका छापखान्यातून. या साऱ्या कथेचे नायक म्हणजे राजा रविवर्मा.

बालपण आणि साधना

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथील राजघराण्याशी संबंधित कुळात झाला. वडील नीलकंठन् भट्टतिरिपाद हे संस्कृतचे जाणकार होते, तर आई उमांबा या स्वतः काव्यरचना करीत. लहानपणी रविवर्मा वाड्याच्या भिंतींवर कोळशाने प्राण्यांची व माणसांची चित्रे काढीत, असे सांगतात. मामा राजराजवर्मा हे चित्रकार होते. भाच्याला न रागावता त्यांनी त्याला चित्रकलेचे पहिले धडे दिले. चौदाव्या वर्षी रविवर्मा तिरुअनंतपुरमच्या दरबारी आले आणि महाराज आयिल्यम् तिरुनाळ यांच्या आश्रयाखाली राहू लागले.

त्या काळी तैलरंगांचे तंत्र आपल्याकडे नवे होते. ज्यांना ते अवगत होते ते दुसऱ्याला सहजासहजी शिकवीत नसत. दरबारातील रामस्वामी नायकर या चित्रकाराने आपली विद्या हाती लागू दिली नाही, अशी परंपरागत हकिगत आहे. पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारी आला. त्याने शिकविण्याचे नाकारले, मात्र आपण काम करीत असताना पाहत बसण्यास मुभा दिली. रविवर्मा पाहत राहिले, घरी येऊन करीत राहिले आणि चुकत चुकत शिकले. रीतसर कलाशाळेचे शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही.

चित्रकला हाच व्यवसाय करावा की नाही, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा १८७० साली ते कोल्लूरच्या मूकांबिका देवीच्या दर्शनास गेले आणि तेथे एकेचाळीस दिवसांचे व्रत केले. परतीच्या वाटेवर कालिकत येथे त्यांना मोबदला घेऊन चित्र काढण्याचे पहिले काम मिळाले. त्यानंतर यश भराभर येत गेले. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथील प्रदर्शनातही त्यांच्या चित्राचा गौरव झाला. वयाच्या पंचविशीतच त्यांचे नाव संस्थानाबाहेर पोहोचले.

बडोद्याचे बोलावणे

येथे या कथेत मराठी माणसाचा प्रवेश होतो. सर टी. माधवराव हे कुंभकोणम येथे जन्मलेले तंजावरी मराठी गृहस्थ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी सांभाळली. रविवर्म्यांची कला त्यांनी त्रावणकोरातच पाहिली होती. १८७५ साली ते बडोद्यास आले, तेव्हा गादीवर नुकतेच दत्तक घेतलेले बारा वर्षांचे सयाजीराव होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. या समारंभाच्या निमित्ताने रविवर्म्यांना बडोद्यास पाचारण झाले. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन ते आले, काही महिने राहिले आणि त्यांनी राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे रंगविली.

पुढे १८८८ साली निलगिरी येथे सयाजीराव महाराजांनी त्यांच्यावर याहून मोठी कामगिरी सोपविली. बडोद्यात उभ्या राहत असलेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढावयाची होती.

काम स्वीकारल्यावर एक अनपेक्षित अडचण समोर आली. सीता, दमयंती, तारामती यांना वस्त्र कोणते नेसवावे? काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कोणीही पाहिली तरी ती आपलीच वाटली पाहिजे. दोघे बंधू उत्तर भारताच्या प्रवासाला निघाले. जुनी शिल्पे, देवळे, निरनिराळ्या प्रांतांतील पेहराव त्यांनी न्याहाळले. सर्व हिंदुस्थानास समान असा एकही पोशाख त्यांना आढळला नाही. अखेरीस त्यांनी साडी निवडली, आणि त्यांच्या अनेक नायिकांच्या नेसणीत मराठी वळण स्पष्ट दिसते. ज्या प्रांतात स्त्रिया तशी साडी नेसत नसत, तेथेही पुढे देवी म्हटली की साडीतलीच डोळ्यांपुढे येऊ लागली. देवीच्या अंगावरील वस्त्र हा एका चित्रकाराने प्रवास करून, विचार करून घेतलेला निर्णय होता, हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही.

विश्वामित्र-मेनका, नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, हरिश्चंद्र-तारामती आदी चौदा चित्रे पूर्ण झाली. राजवाड्यात लावण्यापूर्वी ती लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवण्यात आली, तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. कीर्तनात आणि पुराणात ज्यांच्या कथा ऐकल्या, ती माणसे हाडामांसाची होऊन समोर उभी होती. पण मूळ चित्र राजवाड्यातच जावयाचे होते. सामान्य माणसाने एकदा डोळे भरून पाहावे आणि घरी परतावे, एवढेच त्याच्या हाती होते.

छापखाना

या अडचणीवरचा उपाय माधवरावांनी फार आधी सुचविला होता. एका चित्रकाराच्या दोन हातांनी एवढी मागणी पुरी होणे शक्य नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, त्यात कीर्तीही आहे आणि देशाची सेवाही आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी रविवर्म्यांना लिहिले होते. १८९१ साली माधवराव निवर्तले, पण त्यांचा सल्ला वाया गेला नाही. रविवर्म्यांनी युरोपात चित्रे पाठविण्याऐवजी छापखानाच येथे आणला. १८९४ साली मुंबईत त्यांचा शिळाप्रेस सुरू झाला. यंत्रे जर्मनीची आणि कारागीरही जर्मन होते. छापून निघालेले पहिले चित्र होते शकुंतलेच्या जन्माचे.

छापील देवचित्रे त्यापूर्वी नव्हती असे नाही. पुण्याची चित्रशाळा आणि कलकत्त्याचा आर्ट स्टुडिओ १८७८ पासूनच अशी चित्रे काढीत होते. रविवर्म्यांच्या प्रतींत मात्र तैलचित्राची सखोलता आणि तजेला होता. ते साधण्याची रीत कष्टाची होती. मूळ चित्रातील रंग वेगवेगळे करावयाचे, प्रत्येक रंगासाठी गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर स्वतंत्र आकृती काढावयाची आणि एकच कागद एकामागून एक अशा अनेक दगडांवरून छापून घ्यावयाचा. एखादा रंग केसभर सरकला तरी देवीच्या डोळ्याची बाहुली जागची हलणार! शेवटी वरून रोगण चढविले की कागदाला तैलचित्राची झळाळी येई.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडून जाऊ लागली, छापखान्याचे काम विस्कळीत झाले. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. चित्रकार म्हणून अजोड असलेल्या रविवर्म्यांना धंद्याचे गणित काही जमले नाही. कर्ज वाढत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी छापखाना, चित्रे छापण्याच्या हक्कांसह, तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला. ज्या चित्रांनी देशभरच्या भिंती उजळल्या, त्यांनी आपल्या कर्त्याला मात्र कर्जात लोटले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काही काळ काम केले होते.

जानेवारी १९०५ मध्ये बंधू राजराजवर्मा यांचे निधन झाले. जन्मभर सावलीसारखा बरोबर असलेला, चित्रांत हात लावणारा, हिशेब आणि रोजनिशी ठेवणारा भाऊ गेल्यावर रविवर्मा खचले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनीही देह ठेवला.

चित्र कोठे पोहोचले

श्लायशर यांच्या हाती छापखाना भरभराटीला आला. लक्ष्मी व सरस्वतीची चित्रे दिनदर्शिकांवर आली, काडेपेटीवर आली, कापडाच्या गठ्ठ्यांवरील चिठ्ठ्यांवर आली. बायका छापील चित्रावर जर, टिकल्या आणि मणी शिवून देवीला खरोखरचे वस्त्रालंकार चढवीत. जुन्या घरांतून अशा तसबिरी अजून पाहावयास मिळतात.

कलेच्या जाणकारांना हे सारे रुचले नाही. रविवर्म्यांच्या मृत्यूनंतर आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता आदींनी त्यांच्या चित्रांवर कठोर टीका केली. पाश्चात्त्य तंत्राने रंगविलेल्या या देवता नाटकातील पात्रांसारख्या वाटतात, त्यांत दिव्यत्व नाही, असा या टीकेचा रोख होता. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. शिल्पशास्त्राच्या नियमांनी घडविलेल्या मूर्तीची गंभीर शांतता आणि या चित्रांतील घरगुती गोडवा यांत अंतर आहेच. शिवाय एकच चेहरा सर्वत्र रूढ झाल्यामुळे प्रांतोप्रांतीची, गावोगावची देवीची निराळी रूपे काहीशी झाकोळली गेली, हेही खरे आहे.

परंतु या चित्राची एक बाजू टीकाकारांच्या नजरेतून निसटली. मंदिराला दरवाजा असतो, आणि त्या काळी त्या दरवाजाशी माणसाची जात विचारली जात असे. आपल्याकडे संत चोखामेळ्याला पंढरीच्या महाद्वाराबाहेरच थांबावे लागले. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, आणि पंढरपूरचा दरवाजा सर्वांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. रविवर्म्यांच्या त्रावणकोरात तर मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासही कित्येकांना मज्जाव होता. छापील चित्राला मात्र असा दरवाजा नव्हता. बाजारात ते ज्याला परवडेल त्याचे होते. ज्याला गाभारा कधी दिसला नाही, त्याच्याही झोपडीत देवी येऊन उभी राहू शकत होती. रविवर्म्यांनी हा हेतू मनात धरून छापखाना काढला, असा दावा करणे योग्य होणार नाही, कारण ते सनातनी वातावरणात वाढलेले, राजदरबारांत वावरणारे गृहस्थ होते. पण कृतीचे फळ कर्त्याच्या हेतूपुरतेच मर्यादित राहते असे थोडेच आहे!

पुढचा इतिहास तर कोणासही थक्क करील. त्रावणकोरच्या राजघराण्यात मातृवंशाने वारसा चालत असे. वारस नसल्यामुळे १९०० साली रविवर्म्यांच्या दोन नाती, सेतुलक्ष्मीबाई आणि सेतुपार्वतीबाई, तेथे दत्तक गेल्या. सेतुलक्ष्मीबाई १९२४ साली संस्थानच्या कारभारी महाराणी झाल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, १९२५ साली, वैकोम सत्याग्रहाची तडजोड होऊन तेथील मंदिराच्या तीन बाजूंचे रस्ते सर्वांना खुले झाले. सेतुपार्वतीबाईंचे पुत्र चित्तिरा तिरुनाळ बलरामवर्मा हे पुढे महाराज झाले. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्यांनी संस्थानातील मंदिरे सर्व हिंदूंना जातिभेद न मानता खुली करणारा जाहीरनामा काढला. पणजोबांच्या चित्रांनी देवाला घराबाहेर थांबलेल्या माणसाकडे नेले होते, पणतवाने त्या माणसाला देवाकडे नेणारा दरवाजा उघडला.

१९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत भस्मसात झाला. १९७९ साली भारत सरकारने रविवर्म्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा देऊन त्या देशाबाहेर नेण्यास बंदी केली. वडोदऱ्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात त्यांची मूळ चित्रे आहेत. जाणकारांनी आणि भाविकांनी एकदा तरी तेथे जाऊन ती अवश्य पाहावीत.

आणि तेथे जाणे न घडले तरी चिंता नाही. आजीच्या ट्रंकेत किंवा माळ्यावर काच तडकलेली एखादी जुनी तसबीर असेल, तर ती विसर्जनात टाकण्यापूर्वी खालच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरे वाचून पाहावीत. रविवर्मा प्रेस हे नाव तेथे आढळले तर तसबीर पुसून, नवी काच बसवून, पुन्हा भिंतीवर लावावी.