३७५ स्वप्नांचा हिशेब

१८९१च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २८ वर्षांची एक प्राध्यापिका रोज रात्री झोपताना उशाशी चार वस्तू न चुकता ठेवत असे. कागद, पेन्सिल, मेणबत्ती आणि गजराचं घड्याळ. गजर सकाळी वेळेवर उठण्यासाठी नव्हता. तो कधी मध्यरात्रीनंतर, कधी पहाटे, असा वेळ बदलून लावलेला असे. गजर झाला की अंधारात चाचपडत मेणबत्ती पेटवायची, त्या क्षणी डोळ्यांपुढे जे स्वप्न असेल ते कागदावर उतरवायचं आणि पुन्हा झोपायचं. हौस म्हणून असं एक-दोन रात्री कुणीही करील. मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी ते ५५ रात्री केलं आणि २०५ स्वप्नं नोंदवली.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण तर सगळ्यांच्या तोंडी असते. पण स्वप्नात नेमकं काय दिसतं, किती वेळा दिसतं आणि त्यातलं सकाळी हाती किती उरतं, हे मोजून पाहण्याची कल्पना जगात फार उशिरा आली. ज्या मोजक्या लोकांनी ती मनावर घेतली, त्यांत मेरी कॅल्किन्स यांचं नाव बरंच वर आहे.

मेरीचा जन्म ३० मार्च १८६३ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. पाच भावंडांत ती थोरली. वडील वुलकॉट कॅल्किन्स धर्मोपदेशक होते. बालपण बफेलो शहरात गेलं. मेरी १७ वर्षांची असताना कुटुंब बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी आलं आणि तेच तिचं कायमचं घर झालं. स्मिथ कॉलेजात शिकत असताना, १८८३ साली, धाकटी बहीण मॉड वारली. मेरी त्या वर्षी कॉलेज सोडून घरीच राहिली. पुढच्या वर्षी परत जाऊन पदवी घेतली, नंतर घरच्यांबरोबर युरोपचा प्रवास झाला आणि १८८७मध्ये मुलींच्या वेलस्ली कॉलेजात ग्रीक भाषा शिकवण्याची नोकरी मिळाली.

तिथून मानसशास्त्राकडे वळण्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. हे शास्त्र तेव्हा नवं होतं. जर्मनीतल्या लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा सुरू केली त्याला जेमतेम दहा-अकरा वर्षं झाली होती. वेलस्लीला तो विषय सुरू करायचा होता, पण शिकवायला कुणी नव्हतं. ग्रीक शिकवणाऱ्या या बाई चांगलं शिकवतात, त्यांनाच वर्षभर शिकून येऊ द्यावं, असं ठरलं. आता शिकायचं कुठे? ज्या विद्यापीठांत हा विषय होता, त्यांतल्या अनेक ठिकाणी बायकांना प्रवेश नव्हता.

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांचा मुलामुलींनी एका वर्गात बसण्याला विरोध होता. मेरीच्या वडिलांनी आणि वेलस्लीच्या अध्यक्षांनी पत्रव्यवहार केला. अखेर १८९०मध्ये पाहुणी म्हणून, विद्यार्थिनीचा दर्जा न देता, तासांना बसण्याची परवानगी मिळाली. विल्यम जेम्स यांच्या वर्गात आणखी चार पुरुष विद्यार्थी होते, तेही काही दिवसांत गळाले. मग त्या काळातला अमेरिकेचा सर्वात नामवंत मानसशास्त्रज्ञ आणि ही एकटी विद्यार्थिनी शेकोटीच्या दोन बाजूंना बसून जेम्स यांच्याच नुकत्याच छापून आलेल्या ग्रंथावर चर्चा करू लागले. ज्या विद्यापीठाने दाराशी अडवलं, तिथे शिकवणी मात्र अशी मिळाली.

प्रयोग कसे करायचे हे त्या वुस्टरच्या क्लार्क विद्यापीठात एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे शिकल्या. स्वप्नांचं काम तिथलं. सॅनफर्ड यांनीही स्वतःची स्वप्नं लिहिली, ४६ रात्रींत १७०. दोघांची मिळून ३७५ झाली. रात्री खरडलेला कागद सकाळी पुन्हा वाचायचा आणि त्यावर ठरलेले प्रश्न विचारायचे. स्वप्नातली माणसं ओळखीची होती का? जागा कुठली? ही गोष्ट दिवसा कुठे घडली किंवा मनात आली होती? त्या वेळी खोलीत काही आवाज झाला होता का? १८९३मध्ये हा सगळा हिशेब एका मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

स्वप्नं शरीरातल्या खळबळीतून येतात, हे मत तेव्हा विद्वानांमध्येही प्रचलित होतं. जेवण जड झालं, पाय अवघडला, खिडकी आपटली की स्वप्न पडतं, असा समज. आजही पोट बिघडलं की वाईट स्वप्नं पडतात, असं म्हणणारे भेटतात. नोंदी वेगळं सांगत होत्या. आवाज, उजेड, थंडी अशा बाहेरच्या गोष्टीशी जोडता येतील अशी स्वप्नं एका वहीत १३.२ टक्के निघाली आणि दुसऱ्या वहीत ६.७ टक्के. शरीराच्या आतल्या जाणिवेतून आलेली म्हणता येतील अशी तर सगळ्या ढिगात दोनच सापडली.

मग उरलेली कुठून आली? रोजच्या जगण्यातून. जाग्या आयुष्याशी काहीच धागा जुळत नाही अशी स्वप्नं केवळ ११ टक्के होती. बाकीच्या स्वप्नांत ओळखीची माणसं, पाहिलेल्या जागा आणि गेल्या काही दिवसांतले प्रसंग होते. राक्षस, उडते घोडे, भविष्याच्या खुणा यांची गर्दी नव्हती. माणसं स्वप्नात बोलत होती, विचार करत होती, तर्कही लढवत होती. आपल्याला चमत्कारिक स्वप्नंच आठवतात आणि तीच आपण चहाच्या वेळी सांगतो, त्यामुळे सगळी स्वप्नं तशीच असतात असं वाटतं. कामावर गेलो, जिना चढलो, कुणाशी तरी वाद झाला, असलं स्वप्न कोण कुणाला सांगणार?

इथवर आपली म्हण खरी ठरली. पण मेरींना आणखी एक गोष्ट दिसली आणि ती म्हणीच्या आड येते. माणसाच्या आयुष्यात त्या वेळी जे सर्वात मोलाचं असतं, ज्याने मन व्यापलेलं असतं, ते स्वप्नात क्वचितच येतं. येतं ते किरकोळ, अलीकडचं, सहज पाहिलेलं. मनाच्या ओसरीवर जे पडलेलं असतं ते स्वप्नात शिरतं. माजघरातलं बहुधा आतच राहतं. दोन माणसांच्या वह्यांवरून जगाचा नियम काढता येत नाही, ही मर्यादा उघड आहे. पण गेलेलं माणूस स्वप्नात का येत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्याने ही नोंद लक्षात ठेवावी.

सुखाचं म्हणाल तर तेही कमीच. वेलस्लीतल्याच सारा वीड आणि फ्लॉरेन्स हॅलम या दोघींचा स्वप्नांवरचा अभ्यास १८९६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५७.२ टक्के स्वप्नं अप्रिय आणि २८.६ टक्के सुखद निघाली.

आठवणीबद्दलचं मेरींचं निरीक्षण कुणालाही पटेल. कागद घ्यायला हात पुढे केला किंवा मेणबत्ती पेटवली, तेवढ्या हालचालीनेही स्वप्न विरून जात असे. काहीतरी छान पाहिलं होतं एवढी चुटपुट मागे राही, काय पाहिलं ते नाही. कधी स्वप्न इतकं ठसठशीत असे की हे सकाळपर्यंत विसरणं शक्यच नाही अशी खात्री वाटे. सकाळी पाटी कोरी.

याचं एक कारण त्यांच्याच पुढच्या कामात सापडतं, असं म्हणायला जागा आहे. १८९२नंतर हार्वर्डमध्ये ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्मरणशक्तीवर प्रयोग केले. एक रंग दाखवायचा, त्याच्यासोबत एक आकडा. अशा अनेक जोड्या झाल्या की नुसता रंग दाखवून आकडा विचारायचा. आकडा ठळक असला, शेवटी दाखवलेला असला तर फायदा होई, पण सर्वात जास्त उपयोग पुन्हा पुन्हा दाखवण्याचा होई. जोड्यांची ही पद्धत आजही स्मरणाच्या चाचण्यांत वापरली जाते. स्वप्नाला मात्र दुसरी खेप नसते. ते कितीही ठळक असलं तरी एकदाच येऊन जातं.

दरम्यान, १८९१मध्येच त्यांनी वेलस्लीला मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली होती, सॅनफर्ड यांच्या मदतीने आणि साधारण २०० डॉलरच्या उपकरणांवर. अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेजातली ती पहिली प्रयोगशाळा. पहिल्याच वर्गाला ५०हून अधिक मुली आल्या.

२८ मे १८९५ रोजी हार्वर्डच्या प्राध्यापकांनी मेरींची डॉक्टरेटची परीक्षा घेतली. ती अनौपचारिकच होती, कारण विद्यापीठाची मंजुरी नव्हती. परीक्षकांत जेम्स, म्युन्स्टरबर्ग आणि तत्त्वज्ञ जोसाया रॉइस होते. सर्वांनी एकमताने पदवीची शिफारस केली. हार्वर्डमधल्या डॉक्टरेटच्या परीक्षांत इतकी तेजस्वी परीक्षा कुणी दिली नसेल, असं जेम्स यांचं मत पडलं. विद्यापीठाने शिफारस नाकारली. उमेदवार स्त्री आहे, एवढंच कारण.

१९०२मध्ये तोडगा म्हणून हार्वर्डशी संलग्न असलेल्या मुलींच्या रॅडक्लिफ कॉलेजची डॉक्टरेट चार स्त्रियांना देऊ करण्यात आली. इतर जणींनी ती घेतली. मेरींनी नाही. रॅडक्लिफमध्ये त्या कधी शिकल्याच नव्हत्या. जिथे शिकलो नाही तिथली पदवी घेणं म्हणजे हार्वर्डच्या भेदभावाला मान्यता देणं, असा त्यांचा हिशेब होता. पदवी घेतली असती तर सोय झाली असती, आणि घेणाऱ्यांना नावं ठेवण्याचंही कारण नाही. पण स्वतःच्या झोपेचीसुद्धा खोटी नोंद न करणाऱ्या बाईंना हा कागद खोटा वाटला असावा.

पदवीवाचून काम अडलं नाही. १९०५मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९१८मध्ये तत्त्वज्ञांच्या अमेरिकी संघटनेनेही त्यांना अध्यक्ष केलं. वेलस्लीत त्या १९२९पर्यंत शिकवत राहिल्या आणि घर होतं न्यूटनलाच, आईवडिलांसोबत.

स्वप्नांचा विषय मात्र त्यांच्या हातून गेला होता. १९०० हे साल छापून सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नांवरचा ग्रंथ आला. त्यात मेरींच्या आकड्यांचा उल्लेख सन्मानाने आहे. पण फ्रॉइड यांना वरवर दिसणाऱ्या स्वप्नात रस नव्हता. त्याच्या तळाशी दडपलेली इच्छा शोधायची होती. जग त्या गूढाच्या मागे गेलं. ओळखीची माणसं आणि कालचे प्रसंग मोजणारा लेख मागे पडला. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आत्मकथनात मेरींनी आपल्या निष्कर्षांचा आणि फ्रॉइड यांच्या मताचा मेळ बसत नाही, हे नोंदवलं आहे. १९२७मध्ये हार्वर्डच्याच काही नामवंत माजी विद्यार्थ्यांनी त्यांना पदवी द्यावी म्हणून अर्ज केला. तोही फेटाळला गेला. २६ फेब्रुवारी १९३० रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

१९५३मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांना झोपेतली एक अवस्था सापडली. तिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळं झरझर हलतात. या अवस्थेत जागं केलं तर सुमारे ८० टक्के वेळा माणूस स्वप्न सांगतो. पद्धत मेरींचीच, फक्त गजराच्या घड्याळाऐवजी मेंदूचा आणि डोळ्यांचा आलेख. ही अवस्था साधारण दीड तासाने येते. पहिल्या खेपेला ती काही मिनिटंच टिकते आणि पहाटे बरीच लांबते. मेरींच्या नोंदींतही बहुतेक स्वप्नं पहाटेच्या झोपेतली होती. पहाटेच्या स्वप्नाचा आपल्याकडचा लौकिक त्यातूनच आला असावा. ते लांबलेलं असतं, त्यातूनच थेट जाग येते, म्हणून ते आठवतं. खरं होण्याशी त्याचा संबंध नाही.

विसरण्याचंही एक कारण आता सांगितलं जातं. आठवण पक्की व्हायला मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन लागतं आणि या अवस्थेत ते जवळजवळ नसतंच. पुढे १९६६मध्ये कॅल्व्हिन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी २०० विद्यार्थ्यांच्या १,००० स्वप्नांची मोजदाद प्रसिद्ध केली. तिथेही ओळखीची माणसं, नेहमीच्या जागा आणि सुखापेक्षा जास्त काळजी, हेच आढळलं.

आज स्वप्नांच्या वह्या ठेवायला सांगणारे संशोधक ज्या सूचना देतात, त्या मेरींच्या खोलीतल्याच आहेत. जाग आल्यावर लगेच हलू नका. डोळे मिटूनच स्वप्न एकदा शेवटाकडून मागे आठवून पाहा. मग आधीच हाताशी ठेवलेल्या कागदावर जमेल तेवढं लिहा, वाक्यं धड नसली तरी चालतील. दिवा शक्यतो लावू नका. मोबाइल तर नकोच. मेणबत्ती निदान नवीन काही दाखवत नव्हती.