कुस्तो, हवेची टाकी आणि शार्क

बीड जिल्ह्यातून समुद्र दूर. तरी सुटीत अंबाजोगाई, परळी, माजलगावकडची मंडळी मालवण-तारकर्लीला जातात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून काही मिनिटे पाण्याखालचे मासे पाहून येतात. हे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते मुख्यतः जॅक कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यामुळे.

कुस्तो १९१० साली जन्मले. लहानपणी प्रकृती तोळामासा. त्यांना वैमानिक व्हायचे होते. पण मोटार अपघातात हात मोडले आणि ते स्वप्न संपले. हातांत बळ यावे म्हणून ते समुद्रात पोहू लागले. एका मित्राने पोहण्याचा चष्मा दिला आणि पाण्याखालचे जग त्यांना पहिल्यांदा स्वच्छ दिसले.

जास्त वेळ खाली राहता यावे म्हणून त्यांनी शुद्ध ऑक्सिजन घेऊन पाहिला. दोनदा झटके आले, जिवावर बेतले. खोलवर दाब वाढला की शुद्ध ऑक्सिजन मेंदूला विषारी ठरतो. (टाकीत ऑक्सिजन असतो असे आजही अनेकांना वाटते. सहसा असते ती साधी, गाळून दाबाने भरलेली हवा.) १९४३ मध्ये एमिल गान्यां या अभियंत्याबरोबर त्यांनी श्वास ओढला की भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने हवा सोडणारी झडप तयार केली. धोका मात्र पुरता टळला नव्हता. १९४७ साली त्यांचे सहकारी मोरिस फार्ग सुमारे १२० मीटर खोलीवर दगावले. एवढ्या दाबाखाली हवेतल्या नायट्रोजनचीच गुंगी येते.

पुढे ‘कॅलिप्सो’ जहाजावरून त्यांनी समुद्र पालथे घातले. त्यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या माहितीपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आज तो पाहवत नाही. जहाजाच्या पंख्याने व्हेलचे पिल्लू जखमी होते, त्याला गोळी घालावी लागते. मग ते खायला जमलेल्या शार्कना खलाशी ओढून वर घेतात आणि कुऱ्हाडीने मारतात. मासे मोजायला प्रवाळात सुरुंगही लावलेला दिसतो. शार्कनी काय केले होते? मेलेले खाणे हे तर त्यांचे कामच.

कुस्तो बदलले, ते हळूहळू. वर्षानुवर्षे त्याच जागी बुडी मारताना मासे कमी झालेले त्यांना दिसत होते. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या फ्रान्सच्या बेताविरुद्ध ते उभे राहिले आणि तो बेत थांबला. १९७३ मध्ये त्यांनी समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. अंटार्क्टिकावर खाणी नकोत यासाठी ते ऐंशीच्या घरात देशोदेशी फिरले; तशी बंदी घालणारा करार १९९१ मध्ये झाला.

शार्क, म्हणजे आपल्या बाजारातली मुशी किंवा मोरी, उशिरा वयात येते आणि पिल्ले थोडी देते. मारलेली संख्या भरून यायला दशके लागतात. भारताने २००१ मध्ये व्हेल शार्कला वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण दिले. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे उतरणाऱ्याने प्रवाळावर पाय देऊ नये, त्यातले जीव चिरडतात. माशांना पाव-बिस्किटे टाकू नयेत. आणि वर येताना श्वास रोखू नये, फुप्फुस फाटू शकते.

‘कॅलिप्सो’ १९९६ मध्ये सिंगापूरला एका बार्जच्या धडकेने बुडाले. पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, कुस्तो पॅरिसमध्ये वारले. वय ८७.