मिरजेचे खां साहेब : उत्तरेत जन्मले, दक्षिणेचं गाणं शिकले, आपल्या मातीत विसावले

मिरजेला मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गेलात तर एक गोष्ट लक्षात येईल. कव्वाली असतेच, पण रात्रभर शास्त्रीय गाणंही चालतं. मोठमोठे गवय्ये येतात, दर्ग्यात हजेरी लावतात आणि पुढच्या गावाला जातात. हे कुणामुळे, असं जुन्या मिरजकराला विचारा. तो एकच नाव घेईल, अब्दुल करीम खां साहेब.

खां साहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. या कैराना गावावरूनच किराणा घराणं हे नाव पडलं. त्याचा किराणा दुकानाशी काही संबंध नाही, बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून सांगितलं. घरात गाण्याची आणि सारंगीची परंपरा. वडील काले खां आणि काका अब्दुल्ला खां यांच्याकडे शिक्षण झालं. भावाबरोबर जोडीनं गात गात पोरवयातच ते संस्थानांच्या दरबारात पोचले आणि फिरत फिरत बडोद्याला आले.

बडोद्यात सरदार माने यांच्या घराण्यातल्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होत्या. दोघांचं मन जुळलं. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी, त्या काळात हे पचणारं नव्हतं. दोघांनी बडोदं सोडलं ते कायमचंच.

मिरजेशी नातं जडलं ते आजारपणातून. प्लेगची साथ होती, खां साहेबांनाही दुखण्यानं गाठलं. मिरासाहेबांच्या दर्ग्यात बसून त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, असं मिरजेत आजही सांगतात. त्यानंतर त्यांनी उरुसाची हजेरी धरली आणि पुढं मिरज हेच त्यांचं घर झालं.

आता त्यांच्या गाण्याचं वेगळेपण. त्या काळी घराणेदार गवई आपली विद्या तिजोरीत ठेवल्यासारखी जपायचे. चीज बाहेर जाऊ द्यायची नाही, दुसऱ्या घराण्याचं ऐकायचं नाही. खां साहेबांचा स्वभाव उलटा होता. म्हैसूरच्या दरबारात त्यांचं जाणं-येणं सुरू झालं, तिथं त्यांनी कर्नाटक संगीत ऐकलं. ताल वेगळे, रागांची नावं वेगळी, भाषा तेलुगू. उत्तरेकडचे बरेच गवई तिकडं बिदागी घेऊन परत यायचे, तिथल्या गाण्याकडं ढुंकून बघत नसत. खां साहेब मात्र शिकायला बसले, आणि तेसुद्धा नाव झाल्यानंतर. नावाजलेल्या माणसानं परत विद्यार्थी होणं सोपं नसतं, हे गावातल्या कुठल्याही मास्तरला विचारा.

दक्षिणेकडचे गायक गाताना सा-रे-ग-म अशी स्वरांची नावं घेऊनच विस्तार करतात. खां साहेबांनी ती सरगम आपल्या ख्यालात आणि ठुमरीत आणली. आज हिंदुस्थानी मैफलीत सरगम सर्रास ऐकू येते, तिला वळण लावणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. खरहरप्रिया हा दक्षिणेचा राग, आपल्या काफीच्या जवळचा. त्यातली त्यागराजांची कृती त्यांनी रेकॉर्डवर गायली. तिकडच्या लोकांनीही त्यांना डोक्यावर घेतलं. म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना संगीतरत्न पदवी दिली. इकडं मराठी नाट्यपदंही त्यांनी रेकॉर्डवर म्हटली. म्हणजे जिथं जातील तिथलं गाणं उचलायचं आणि आपलं तिथं ठेवून यायचं.

सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी 22 श्रुतींचा अभ्यास करत होते. स्वर नेमका कुठं लागतो हे गाऊन दाखवायला त्यांना खां साहेबांचा गळा लागला. स्वराच्या बाबतीत ते फार काटेकोर. तानपुरा मनासारखा लागल्याशिवाय गायचे नाहीत. वाद्यं दुरुस्त करण्यातही हात चांगला होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत असा माणूस रमणारच. त्या तंबोऱ्यांचे भोपळे आजही पंढरपूर भागातल्या शेतातून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, ती बातमी तुम्ही वाचली असेलच.

1913 च्या सुमारास त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. जातपात न बघता मुलं घेतली, राहण्याखाण्याची सोयही तिथंच. त्यांच्या टिपू कुत्र्याची गोष्टही सगळीकडं सांगतात. तो म्हणे स्वरात स्वर मिळवायचा. खरंखोटं ऐकणाऱ्यांनी ठरवावं.

घरी मात्र सूर बिघडला. 1922 च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी बापाचं नाव लावलं नाही, आईचं माने लावलं. ज्याच्याकडे परक्यांची पोरं दुरून शिकायला यायची, त्याची स्वतःची पोरं दुसऱ्याकडे शिकली. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांचीच लेकरं. दोघांनीही किराणा घराण्याचंच गाणं गायलं, तालीम मात्र वहीद खां साहेबांची. शाळाही पुढं टिकली नाही, खां साहेब मिरजेला परतले. या दुखण्याबद्दल ते काय बोलले असतील कोण जाणे, पण त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली की काळजात कालवतं.

त्या रेकॉर्ड तीन-साडेतीन मिनिटांच्या, तव्याच्या. पण त्यांनी जे काम केलं ते मोठमोठ्या मैफलींनी झालं नसतं. त्या गावोगाव पोचल्या. कर्नाटकातल्या गदगला एका पोरानं दुकानात वाजणारी खां साहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि असं गायचंच म्हणून घर सोडलं. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी. खूप भटकून तो शेवटी पोचला तो खां साहेबांच्याच शिष्याकडे, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे. आज मोबाईलवर नाव टाकलं की त्याच रेकॉर्ड मिळतात. खरखर आहे, आवाज बारीक वाटतो. पहिल्या झटक्यात बंद करू नका, दोन-तीनदा ऐका.

शेवटही दक्षिणेच्याच वाटेवर झाला. ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला रेल्वेनं जाताना छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच अंथरूण टाकलं, तंबोरा जुळवला आणि दरबारी रागात देवाची आळवणी करत 27 ऑक्टोबरला प्राण सोडला. पार्थिव तिथून मिरजेला आणलं आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात त्यांच्या नावानं जी संगीत सभा होते, ती त्या कबरीजवळच होते.