मतभेदातील सौजन्य : पंडित माधवराव सप्रे

रायपूरच्या बूढा तालाब परिसरातून जाणाऱ्या प्रत्येकाला सप्रे शाळेचे मैदान ठाऊक असते. मात्र ज्यांचे नाव या शाळेने धारण केले, ते पंडित माधवराव सप्रे मराठी घरातले होते, हे नव्या पिढीतील थोड्यांनाच माहीत असेल. मातृभाषा मराठी आणि आजन्म सेवा हिंदीची, असे त्यांचे जीवन होते. न पटलेली गोष्ट निर्भयपणे सांगावी, पण सांगताना क्रोध आणि अहंकार यांना थारा देऊ नये, हा त्या जीवनाचा विशेष होय.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. पदवी मिळाल्यावर सरकारी नोकरीची वाट मोकळी असूनही त्यांनी ती नाकारली आणि पेंड्रा येथे राजकुमारांना शिकविण्याचे काम पत्करले. तेथूनच जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे संपादनातील त्यांचे सहकारी होते, तर रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी चालकत्वाची जबाबदारी उचलली. तिघेही मराठी, व्रत मात्र हिंदीचे.

या मासिकाने ग्रंथपरीक्षणाला मानाचे स्थान दिले. हिंदीत निकृष्ट पुस्तकांची भर पडत आहे, हे माधवरावांना खटकत होते. तरीही लेखकाची निंदा करून हे काम साधणार नाही, हे ते जाणून होते. ग्रंथाचे गुण मोकळेपणाने सांगावेत, दोष उदाहरणांसह दाखवावेत आणि परीक्षणाचा रोख व्यक्तीवर न ठेवता कृतीवर ठेवावा, अशी त्यांची धारणा होती. हिंदी समालोचनेच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते, ती यामुळेच. ग्राहकांच्या आणि पैशाच्या अभावी १९०२ च्या अखेरीस मासिक थांबले; पण ही दृष्टी मागे राहिली.

याच मासिकात १९०१ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीच्या आरंभीच्या कथांपैकी एक मानली जाते. एक जमीनदार अनाथ विधवेची झोपडी बळकावतो. ती भांडत नाही, शापही देत नाही. नातीच्या चुलीसाठी झोपडीतील टोपलीभर माती नेण्याची परवानगी ती मागते आणि ती टोपली उचलून देण्याची विनंती जमीनदारालाच करते. टोपली त्याला हलत नाही. तेव्हा एका टोपलीचा भार पेलवत नसेल, तर साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार, एवढाच प्रश्न ती विचारते. जमीनदार खजील होतो, क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो. शांत शब्दाने त्याची विवेकबुद्धी जागी झाली.

पुढे खुद्द माधवरावांचीच कसोटी लागली. लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी भाषकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी १९०७ साली नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढला. त्यातील सरकारविरोध प्रखर होता. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. थोरल्या बंधूंच्या आर्त आग्रहापुढे त्यांचा निरुपाय झाला आणि क्षमापत्र देऊन ते सुटले. या घटनेचे शल्य त्यांना खोलवर लागले. तरीही त्यांनी बंधूंना दोष दिला नाही की स्वतःच्या समर्थनार्थ वादही घातला नाही. सार्वजनिक जीवनातून दूर होऊन त्यांनी रामदासी मठाचा आश्रय घेतला, मधुकरी मागून निर्वाह केला आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत आणला. दुसऱ्याचे दोष सौम्यपणे दाखवणाऱ्या या संपादकाने स्वतःच्या चुकीला मात्र सौम्यपणे वागवले नाही.

त्या तपश्चर्येतून बाहेर आलेले माधवराव अधिकच निरहंकार झाले होते. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्यांच्याच हातून झाला. १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाला. त्याची प्रेरणा त्यांची असली, तरी संपादकपद त्यांनी तरुण माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे सोपविले. रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांची जीवनयात्रा संपली.

घरात, वर्गात आणि संस्थेच्या सभेत मतभेद होणारच. ते जिवंतपणाचे लक्षण आहे. पण समोरच्याची चूक सांगताना त्याचा मान राखणे आणि स्वतःची चूक उमगताच ‘मी’पणा बाजूला ठेवणे, हे शिकावेच लागते. माधवरावांनी ते आपल्याच गावात आचरून दाखविले. सप्रे शाळेवरून जाताना मुलांना पालकांनी त्या टोपलीभर मातीची गोष्ट आवर्जून सांगावी.