फादर थॉमस स्टीफन्स : लॅटिनचे विद्यार्थी, मराठीचे कवि

शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सागरी पूल इ. स. २०२४ च्या जानेवारींत खुला झाला, तेव्हांपासून गोव्याची वाट जणूं आमच्या दारांतूनच निघते. रात्रीं निघालेला मनुष्य दुसरे दिवशीं मडगांवास पोहोंचतो. ज्या थोर पुरुषाचें चरित्र या ज्युबिली-स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे, त्यांस मात्र गोवा गाठण्यास साडेसहा महिने लागले. आणि एकदां आल्यावर ते मायदेशीं म्हणून परत गेले नाहींत.

हे पुरुष म्हणजे क्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. गोव्याकडील लोक त्यांस पाद्री एस्तेव्हांव म्हणत. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या पुष्कळ वाचकांनीं शाळेंत पाठ केल्या असतील. पण त्या ओव्यांच्या पाठीशीं कोणती विद्या उभी होती, याचा विचार सहसा होत नाहीं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सर्वत्र अभिनंदनाची लाट उसळली. त्याच वेळीं घरोघरीं आईबाप विचारीत असतात कीं, जुनें काव्य, जुनी भाषा, व्याकरण यांचा पोटापाण्यास उपयोग काय? संस्कृत घेतलें जातें तेंही बहुधा गुण अधिक पडतात म्हणून. लॅटिन तर मिस्सेंतून मागें सरली तशी शाळांतूनही सरली. हा प्रश्न विचारणाऱ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. घरभाडें आणि शाळेची फी भरणाऱ्यास तो विचारावाच लागतो. फादर स्टीफन्स यांच्या आयुष्याकडे मात्र त्या प्रश्नाच्या डोळ्यांनीं एकदां पाहावें, अशी वाचकांस विनंती आहे.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. मुलाचें शिक्षण विंचेस्टर येथील प्रसिद्ध विद्यालयांत झालें. हें विद्यालय १३८२ सालीं स्थापन झालेलें. त्या काळच्या अशा शाळांतून मुलांस मातृभाषा शिकवीत नसत, लॅटिन शिकवीत. नामें चालवावयाचीं, धातु चालवावयाचे, प्राचीन कवींचे उतारे पाठ करावयाचे, ते इंग्रजींत आणावयाचे आणि पुनः लॅटिनमध्यें न्यावयाचे. पुढें पुढें स्वतः लॅटिन पद्यें रचावयाचीं. छडीचा वापर भरपूर असे. दहा वर्षांच्या मुलास यांत गोडी कितपत वाटत असेल, तें तोच जाणे. एक गोष्ट मात्र त्याच्या हाडांत मुरे. परक्या भाषेपुढें बसतांना ती आपल्या भाषेसारखी नाहीं म्हणून तिला हंसावयाचें नसतें, तिचे नियम शोधावयाचे असतात, हें तो शिकून जाई.

राणी एलिझाबेथ हिच्या अमदानींत इंग्लंडांत कॅथलिक धर्म पाळणें धोक्याचें झालें होतें. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड हे श्रीमंत गृहस्थ. त्यांचा नोकर असल्याचें सोंग घेऊन तरुण स्टीफन्स त्यांच्याबरोबर फिरत असत. दोघांनीं मिळून रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावयाचा, असा बेत ठरला होता. पण पाउंड पकडले गेले आणि पुढें त्यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरांत संघांत दाखल झाले. मित्रास ते विसरले नाहींत. पाउंड यांस तुरुंगांत असतांनाच संघांत घ्यावें, अशी रदबदली त्यांनीं केली व ती मान्य झाली.

रोम येथें येशूसंघाच्या महाविद्यालयांत पुढील अध्ययन झालें. येशूसंघाची शिक्षणपद्धति ठरीव पायऱ्यांची असे. प्रथम व्याकरण, मग काव्य-साहित्य, मग वक्तृत्व. तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र त्यानंतर. आधीं भाषा पक्की, मग विचार, हा तिचा पाया. आज आम्ही मुलास विचार करावयास सांगतों आणि शब्द मात्र त्याच्या हातीं देत नाहीं.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून त्यांचें जहाज निघालें व २४ ऑक्टोबरला गोव्यास लागलें. वाटेंत वारा पडला, दिशा चुकली, ताजें अन्न संपून हिरड्या सुजण्याचा रोग पसरला. दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. हा वृत्तांत त्यांनीं पोहोंचल्यावर थोड्याच दिवसांत वडिलांस लिहून कळविला. तें पत्र पुढें १५८९ सालीं इंग्लंडांत छापलें गेलें. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचें नांव घेतात, तें मुख्यतः या पत्राच्या आधारें. त्यांना व्यापार करावयाचा नव्हता, राज्यही मिळवावयाचें नव्हतें, एवढें ध्यानांत असूं द्यावें.

दुसऱ्या वर्षीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि नेमणूक साष्टींत झाली. मुंबईकर वाचकांनीं येथें घोटाळा करूं नये. ही वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतची आमची साष्टी नव्हे; मडगांव, राशोल, बाणावली, कुंकळ्ळी हीं गांवें जींत येतात ती गोव्याची साष्टी. तेथें त्या वेळीं दिवस कठीण होते. पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं, गांवांतून असंतोष धुमसत होता. १५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फ आक्वाविव्हा व त्यांचे चार संघबंधु ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. त्यांच्याबरोबर कित्येक स्थानिक ख्रिस्ती जनही पडले. प्रेतें मिळवून त्यांस मूठमाती देण्याचें काम फादर स्टीफन्स यांच्याकडे आलें. इतक्यावर ही कथा संपत नाहीं. नंतर कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांच्या पुढाऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून सरकारनें ठार केलें. आपण आपल्या हुतात्म्यांचें स्मरण करतों तेव्हां हा दुसरा भाग सांगण्याचें टाळूं नये.

या सर्व प्रकारास तीन महिने झाले, आणि २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं फादर स्टीफन्स यांनीं आपल्या रिचर्ड नांवाच्या बंधूस लॅटिनमध्यें एक पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं येथील भाषांविषयीं अभिप्राय दिला आहे. या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानास कटु लागत नाहीं, आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीक या भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांचें म्हणणें. ज्या लोकांनीं आपल्या सोबत्यांस मारलें त्यांच्याच भाषेविषयीं, त्याच शरद ऋतूंत, हा मनुष्य असें लिहितो! राग आला नसेल असें नाहीं. पण त्यांच्या कानास जें ऐकूं आलें तें रागानें बुजलें नाहीं.

आणि ऐकूं आलें तें खरें होतें. लॅटिनमधील पातेर, मातेर, फ्रातेर हे शब्द घ्या आणि त्यांच्या शेजारीं पिता, माता, भ्राता मांडा. देउस व देव, इग्निस व अग्नि, नोव्हुस व नव, हीं जोडपीं पाहा. आज हें कोणताही भाषाशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. पण सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें जाहीर केलें तें १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं. पोर्तुगालहून दरसाल शेंकडों माणसें गोव्यास येत होतीं. त्यांच्याही कानांवर हेच शब्द पडत होते. ज्यांनीं धातु चालविले नव्हते त्यांस ती केवळ बाजारची गडबड वाटली. जुन्या विद्येचा उपयोग विचारणारांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

त्यांनीं कोंकणीचें व्याकरण पोर्तुगीज भाषेंत लिहिलें. तें त्यांच्या पश्चात्, फादर दियोगु रिबैरु आदि संघबंधूंनीं भर घालून, १६४० सालीं राशोल येथें छापून काढलें. हिंदुस्थानांतील कोणत्याही भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण तेंच, असें मानतात. त्याचा सांचा लॅटिनचा आहे, आणि सांचा उसना असला कीं कोठें तरी बोंचतोच. आमच्याकडे ती भाकरी खाते, पण तिनें आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली; क्रियापद खाणारणीस सोडून खाण्याच्या पदार्थामागें जातें. असली चाल लॅटिनच्या शाळेंत शिकलेल्यास सहज आकळणारी नव्हे. तरीसुद्धां सांचाच नसता तर हें वेगळेपण नजरेसही आलें नसतें, असें मला वाटतें.

व्याकरणापाशीं थांबले असते तर ते विद्वान् ठरले असते, कवि नव्हे. त्यांनीं मराठीचे जुने ग्रंथ वाचले. येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. ते येण्यापूर्वीं वीस वर्षें मराठी पोथ्या येशूसंघीयांच्या हातीं आल्या त्या एका ब्राह्मणाच्या घरांतून, त्याच्या संमतीवांचून आणलेल्या होत्या. पोथ्या आणण्याचा हेतु त्यांचें खंडन करण्याचा होता. पण पोथी वाचतां वाचतां वाचणारावरही परिणाम करते. पोर्तुगालांतील ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत रोमन लिपींत उतरून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथा व मराठी ओव्या आजही आहेत. खंडनासाठीं कोणी इतकें उतरून घेत नाहीं.

क्रिस्तपुराणाचा उगम फादर स्टीफन्स यांनीं स्वतःच त्या ग्रंथाच्या आरंभीं सांगितला आहे. साष्टींत एका रविवारीं धर्मशिक्षण चाललें असतां एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थानें अडचण मांडली. आमचीं पहिलीं पुराणें तुम्ही बंद केलींत, आतां त्यांच्या जागीं आम्हांस दुसरीं कां देत नाहीं, असा त्याचा आशय होता. गुरुजींस आपली चूक कळली. वर्गांतल्या एका माणसाचा हा प्रश्न उडवून लावतां आला असता. त्यांनीं तो मनावर घेतला आणि उत्तर म्हणून सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ लिहिला.

१६१६ सालीं राशोल येथें तो छापला. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर, दुसऱ्यांत ५९. पहिल्यांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. ख्रिस्तचरित्र प्राचीन छंदांत गाण्याची रीत युरोपांत जुनीच होती. १५३५ सालीं व्हिदा नांवाच्या इटालियन कवीनें लॅटिनमध्यें असें महाकाव्य रचलें होतें. पण तीं काव्यें पंडितांनीं पंडितांसाठीं लिहिलेलीं. फादर स्टीफन्स यांनीं लॅटिनचा छंद मराठीवर लादला नाहीं. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत चालत आलेली ओवी त्यांनीं उचलली, आणि स्वर्गास वैकुंठ म्हणावयासही ते कचरले नाहींत. शिक्षकांनीं पाहण्यासारखी एक गोष्ट आणखी आहे. मुलांच्या धर्मशिक्षणासाठीं त्यांनीं प्रश्नोत्तरांचें पुस्तक लिहिलें तें घरच्या बोलीत, कोंकणींत. पुराण मात्र ग्रंथभाषेंत, मराठींत, पण ऐकणारास अडूं नये म्हणून कोंकणी शब्द मिसळून. मूल जेथें उभें आहे तेथून आरंभ आणि जेथें न्यावयाचें तेथपर्यंत उंची, ही त्यांची रीत. सोपें करण्याच्या नांवाखालीं आम्ही पुष्कळदां ती उंचीच काढून टाकतों.

१६१९ सालीं गोव्यांत त्यांचें देहावसान झालें. १६४९ व १६५४ सालीं पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग वारें फिरलें. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाहीं. गोव्याहून कानडा मुलुखांत गेलेल्या कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, तीं वाचलीं, गाइलीं. त्यांच्याच आधारें मंगळूरच्या जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ सालीं ग्रंथ पुनः छापला. तोही रोमन लिपींतच.

फादर स्टीफन्स यांची इच्छा तशी नव्हती. १६०८ सालीं त्यांनीं रोम येथील आपल्या वरिष्ठांस लिहून देशी अक्षरांचे ठसे पाडण्याची अनुज्ञा मागितली होती. जोडाक्षरें धरून सहाशेंवर ठसे होतात, पण युक्तीनें ते दोनशेंवर आणतां येतील, इतका हिशेबही त्यांनीं केला होता. ते ठसे त्यांच्या हयातींत झाले नाहींत. क्रिस्तपुराण देवनागरींत समग्र छापून मराठी वाचकांच्या हातीं आलें तें १९५६ सालीं, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखालीं, पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाकडून.